कुशाग्र बुद्धीच्या मुलास शाळा कोणती?

झाशीचे स्थानक जवळ येऊ लागले म्हणजे मराठी प्रवासी खिडकीशी सरकतो आणि किल्ला दिसतो का ते पाहू लागतो. स्थानकास आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव दिलेले आहे. तरी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडी ते अजून नुसते झाशीच आहे. गेल्या हिवाळ्यात मी तेथे उतरले ती मात्र किल्ला पाहावयास नव्हे. माझी मावसबहीण तेथे राहते. तिचे यजमान रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात नोकरीस आहेत. तिने दूरध्वनीवर इतकेच सांगितले होते, "ताई, तू इतकी वर्षे शाळेत शिकवलेस. एकदा येऊन हिला पाहून जा. काय करावे ते आम्हांला उमजेनासे झाले आहे."

'ही' म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी. चौथीत शिकते. घरी मराठी, शाळेत हिंदी व अंगणातल्या मैत्रिणींशी बुंदेली, अशा तीन भाषा ती एका दमात बोलते. मी गेले त्याच संध्याकाळी तिने मला एक कोडे घातले. मालगाडीच्या प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी क्रमांक रंगविलेला असतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचा अर्थ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते सांगतात, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष दाखवितात, नंतरच्या चार आकड्यांत तिचा स्वतःचा क्रमांक असतो आणि अकरावा आकडा केवळ पडताळ्यासाठी ठेवलेला असतो. सम स्थानांवरील आकड्यांच्या बेरजेची तिप्पट करावयाची, तीत विषम स्थानांवरील पहिल्या पाच आकड्यांची बेरीज मिळवावयाची, आणि येणाऱ्या संख्येला दहाने भाग जाण्यास जेवढे कमी पडेल तेवढा शेवटचा आकडा. कारकुनाच्या हातून लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो या पडताळ्यात उघडा पडतो.

हे तिला वडिलांनी सांगितले होते. पुढचे मात्र तिचे तिने काढले होते. "मावशी, दोन शेजारचे आकडे उलटसुलट लिहिले तर चूक सापडते, पण नेहमी नाही. एक आणि सहा असले तर नाही सापडत. दोन आणि सात असले तरी नाही. पाचाचा फरक असला की फसते." मी कागद घेऊन ताडून पाहिले. एकाची तिप्पट अधिक सहा म्हणजे नऊ. सहाची तिप्पट अधिक एक म्हणजे एकोणीस. एककाचा आकडा तोच! बरीच वर्षे गणित शिकवूनही माझे लक्ष अशा गोष्टीकडे कधी गेले नव्हते, हे येथे कबूल केलेले बरे.

मग बहिणीने मला शाळेतून आलेली उत्तरपत्रिका दाखविली. गणितात पन्नासपैकी एकतीस. शाळेचा निरोप होता की मुलगी वर्गात लक्ष देत नाही, खिडकीबाहेर पाहते व सोप्या बेरजा चुकविते. त्याच शाळेतील एका बाईंनी मागच्या वर्षी सुचविले होते की हिला एकदम सहावीत बसवावे. वर्षभरातच एवढी अधोगती कशी झाली, हा आईबापांपुढचा प्रश्न होता. घरातील मते तीन दिशांना होती. आजी पुण्याला असते. तिचे म्हणणे, मुलीला माझ्याकडे पाठवा, येथे अशा मुलांची शाळा आहे. वडिलांना वाटे, दोन इयत्ता ओलांडू द्याव्यात. आई म्हणे, हिला आधी डॉक्टरांना दाखवू या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी तिला सहज विचारले, "सत्तावीस आणि पस्तीस बासष्ट होतात हे तुला येत नाही का ग?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येते. पण सगळे बरोबर आले की बाई वही सर्वांना दाखवतात. मग मधल्या सुटीत माझ्याजवळ कोणी बसत नाही. दोनचार चुका केल्या की कोणी बघत नाही."

या उत्तराने मला जे वाटले ते लिहून दाखविणे कठीण आहे. नऊ वर्षांची मुलगी आपली बुद्धी लपवावयास शिकली होती, आणि तेही बुद्धीच वापरून! मंदबुद्धीच्या मुलाची आबाळ डोळ्यांना दिसते व त्याची कणवही येते. तल्लख मुलाची आबाळ होऊ शकते हेच पुष्कळांना पटत नाही. 'हुशार आहे ना, मग आपले आपण शिकेल,' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्या मुलाला वर्गातील पाठ पहिल्या पाच मिनिटांत समजतो, त्याने उरलेली तीस मिनिटे काय करावयाचे? काही मुले खोड्या करतात, काही स्वप्नात रमतात, आणि काही, विशेषतः मुली, इतरांसारखे दिसण्याची कला आत्मसात करतात. अभ्यासासाठी झटण्याची सवय मात्र यांपैकी कोणालाच लागत नाही, आणि पुढे खरोखरच अवघड असे काही समोर आले म्हणजे अशी मुले गांगरून जातात.

दुसऱ्या दिवशी बहिणीने विचारले की बुद्धिमापनाची चाचणी करून घ्यावी का? प्रश्न रास्त होता. या चाचण्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी सिद्ध केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य देता यावे म्हणून. हुशार मुले निवडण्यासाठी नव्हे. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी तिला नवे रूप दिले. आपल्याकडे धारवाड येथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली व त्यांचा त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी हे नाव मानसशास्त्राच्या दवाखान्यांतून अजूनही ऐकू येते. हिंदीत शिकणाऱ्या व मराठीत विचार करणाऱ्या मुलीची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी, हा प्रश्न झाशीच्या घरात किरकोळ नाही.

टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार बुद्धिमान मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. निवडीच्या चाचणीत दोन मुले कमी पडल्यामुळे वगळली गेली. त्यांतील एक विल्यम शॉकली व दुसरा लुइस अल्वारेझ. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पहिल्यास १९५६ मध्ये व दुसऱ्यास १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांतून मात्र कोणालाही ते मिळाले नाही. मी बहिणीला म्हटले, चाचणी करून घ्यावयास हरकत नाही. तज्ज्ञाकडून मुलीच्या मनाची घडण कळेल. मात्र आलेला आकडा कपाटात ठेव, मुलीच्या कपाळावर चिकटवू नकोस.

आता इयत्ता ओलांडण्याचा विचार. एखादे मूल सर्वच विषयांत पुढे असेल, अंगापिंडाने व स्वभावाने मोठ्या मुलांत मिसळणारे असेल, तर एक वर्ष पुढे जाण्याने त्याचे कल्याणच होते, असा अनुभव आहे. त्यास वृथा भिऊ नये. परंतु या मुलीचे हस्ताक्षर व लेखन चौथीच्याच मुलीचे होते. धावत होते ते गणित. त्यातून आपल्या शिक्षणव्यवस्थेची काही दारे वयाच्या मापाने बसविलेली आहेत, हे पालकांनी आधी तपासून पाहावे. वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेस त्या वर्षाच्या अखेरीस सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे लहानपणी घाईने वाचविलेली दोन वर्षे पुढे वाट पाहण्यात खर्ची पडण्याचा संभव. आणि यांच्या बाबतीत तर याहूनही जवळचे एक दार होते.

ते दार म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही योजना आली. पहिली दोन विद्यालये १९८५-८६ मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीत. सरकारी खर्चाने राहणे, जेवण, पुस्तके व शिक्षण देणारी ही विद्यालये आता देशातील बहुतेक सर्व जिल्ह्यांत पसरली आहेत. झाशी जिल्ह्याचे विद्यालय बरुआसागर येथे, तलावाच्या गावी आहे. सहावीसाठी प्रवेशपरीक्षा होते. तीत बौद्धिक क्षमता, अंकगणित व भाषा यांची कसोटी लागते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात व एक तृतीयांश जागा मुलींसाठी. शहरातल्या मुलास चुरस अधिक, हे उघड आहे. परीक्षेस बसणारे मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे लागते, वयाची मर्यादा असते आणि संधी एकदाच मिळते. चौथीतून सहावीत उडी मारलेली मुलगी या परीक्षेस बसूच शकत नाही! वडिलांना हे ठाऊक नव्हते. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले.

आजीच्या सूचनेतही तथ्य होते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचा उल्लेख केल्याशिवाय मराठीत हा विषय पुरा होऊच शकत नाही. डॉ. वि. वि. उपाख्य अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ही संस्था स्थापिली. आरंभी निरनिराळ्या शाळांतील निवडक विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर एकत्र आणून शिकविले जाई. १९६९ मध्ये स्वतःची प्रशाला सुरू झाली. मानसशास्त्रीय कसोट्यांवर मुले निवडावयाची, पण निवडल्यानंतर त्यांना पाठ्यपुस्तकांत कोंडून न ठेवता गावोगावी न्यावयाचे, सर्वेक्षणे करावयास लावावयाचे, समाजाच्या प्रश्नांशी त्यांची गाठ घालावयाची, असा तेथील परिपाठ. बुद्धी ही एकट्याची मिळकत नव्हे, हा विचार त्यामागे आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. परंतु झाशीहून पुणे सुमारे एका दिवसाच्या प्रवासावर आहे. नऊ वर्षांच्या मुलीने आईबापांना व अंगणाला सोडून तेथे जाणे योग्य की नाही, याचे उत्तर संस्थेच्या मोठेपणावरून काढता येत नाही. मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "आजीकडे सुटीत जाईन. गाडीत बाबा नसले तर वॅगनी कोणाबरोबर मोजायच्या?"

उत्तर प्रदेशातील एका दुसऱ्या मराठी घराची हकिकत त्या रात्री मी त्यांना सांगितली. जयंत नारळीकरांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३८ मध्ये कोल्हापुरास जन्मलेले व २०२५ च्या मे महिन्यात पुण्यास दिवंगत झालेले हे शास्त्रज्ञ वाढले ते बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. मुलगा शिकला तो सेंट्रल हिंदू स्कूलमध्ये, हिंदी माध्यमातून. बुद्धिमंतांसाठी काढलेली ती काही खास शाळा नव्हती. खास गोष्ट होती ती घरच्या फळ्याची. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी या घरी राहावयास आले होते. ते फळ्यावर एखादे अवघड गणित लिहीत व वर 'ज. वि. ना. यांस आव्हान' अशा अर्थाचा मथळा देत. भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत फळा पुसावयाचा नाही, असा नेम होता. गुण नाहीत, स्पर्धा नाही, वही कोणाला दाखविणे नाही. पुढे हाच भाचा १९५९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनिअर रँग्लर झाला, आणि परत येऊन त्याने पुण्यात 'आयुका' ही संस्था उभारली. परक्या प्रांतात वाढूनही त्यांची मराठी इतकी जिवंत राहिली की विज्ञानकथा त्यांनी मराठीत लिहिल्या. त्यातील पहिली १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपण नावाने पाठविली होती.

मेहुण्यांनी यावर शंका काढली ती खरी होती. "त्यांचे वडील रँग्लर. मी कारखान्यातला माणूस. माझ्या फळ्यावर काय लिहू?" मी म्हटले, अकरा आकड्यांचे गणित तिला कोणी दिले? आणि मग देवळालीच्या शाळामास्तरांची आठवण निघाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. मोठ्या पदव्या त्यांच्यापाशी नव्हत्या. पण त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी, चारही आकडे सारखे मात्र नसावेत. ते उतरत्या क्रमाने मांडावे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. एक पाटी आणि वजाबाकी एवढ्याच भांडवलावर हा खेळ चालतो.

सरकारी साहाय्याविषयीही लिहिले पाहिजे. पूर्वी राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचा मोठा आधार असे. १९६३ मध्ये विज्ञानातील प्रतिभाशोध म्हणून ती सुरू झाली, परंतु २०२१ नंतर ती झालेली नाही. जुन्या माहितीवर विसंबून राहिलेल्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. बेताच्या उत्पन्नाच्या घरांसाठी आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील यशस्वी मुलांना नववी ते बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. थोड्या मोठ्या मुलांसाठी गणित व विज्ञानाच्या ऑलिंपियाड स्पर्धा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना शिक्षकांनी वर्गाच्या अभ्यासाखेरीज पूरक खाद्य द्यावे, विषयवार मंडळे काढावीत, असे म्हटले आहे. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ते कितपत साधेल, हे मी स्वतः तशा वर्गात उभी राहिलेली असल्याने जाणते. म्हणूनच पालकांनी शाळेत तक्रार घेऊन न जाता विनंती घेऊन जावे, असे मला वाटते.

आम्ही तसेच गेलो. मुख्याध्यापिकांनी आमचे ऐकून घेतले. वर्गशिक्षिका आधी थोड्या दुखावल्या, मग हळूहळू मोकळ्या झाल्या. मुलीने चुका मुद्दाम केल्या, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वही दाखविण्यात कौतुकाखेरीज दुसरे काही अभिप्रेत नव्हते, आणि ते अगदी खरे होते. ठरले ते असे. मुलगी चौथीतच राहील. गणिताच्या तासाला मात्र आठवड्यातून तीन दिवस ती सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसेल. तिची वही यापुढे कोणालाही दाखविली जाणार नाही. उरलेल्या दोन दिवशी तिने आपल्या वर्गातील मुलांसाठी कोडी तयार करावयाची. ती कोणी केली हे बाईंनी सांगावयाचे नाही. शहरातील शासकीय ग्रंथालयात तिचे नाव घालावयाचे, आणि भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेचे 'चकमक' मासिक घरी सुरू करावयाचे. पुढील वर्षी पाचवीत असताना नवोदयचा अर्ज भरावयाचा. पण जागा मिळालीच तर जावयाचे की नाही, हे तेव्हा तिच्याशी बोलून ठरवावयाचे. पुण्याच्या आजीला मी स्वतः समजावून सांगितले. ती रागावलीच थोडी, पण मे महिन्याच्या सुटीचे कबूल झाले.

झाशीत राहून मुलीला शिकविण्याचा हा खटाटोप पाहताना एक जुनी गोष्ट वारंवार मनात येई. काशीस जन्मलेली व लहानपणीच आईस मुकलेली मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास वाढली. पेशव्यांच्या वाड्यातील मुलांबरोबर ती लिहावाचावयास शिकली, आणि घोडा व तलवारही. मुलीसाठी वेगळी शाळा नव्हती. पण मुलांच्या पंक्तीतून तिला कोणी उठविलेही नाही. १८४२ मध्ये ती झाशीस सून म्हणून आली. ज्या गणेश मंदिरात तिचा विवाह झाला, तेथे गावातील मराठी मंडळी अजून गणेशोत्सवास जमतात. त्याच झाशीतील राजवाड्याचा मोठा ग्रंथसंग्रह १८५८ च्या लुटीत कसा नष्ट झाला, याचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात केले आहे. तो भाग मी मुलीला माझ्या शब्दांत सांगितला. तिने विचारले, "किती पुस्तके होती?" संख्या मला सांगता आली नाही. तिला ते मुळीच आवडले नाही.

निघण्याच्या दिवशी आम्ही त्या मंदिरात जाऊन आलो. परत आल्यावर तिने अंगणातल्या फरशीवर खडूने १८५७ लिहिले व कापरेकरांचा खेळ मांडला. ८७५१ वजा १५७८, ७१७३. ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, आणि पाचव्या पायरीला ६१७४. शेजारच्या दोन मुली केव्हा जवळ येऊन उकिडव्या बसल्या ते तिच्याही ध्यानात आले नाही. त्यांतील एकीने आपल्या जन्मवर्षाचे आकडे सांगितले व म्हणाली, "अब मेरा करके दिखा." तिने खडू तिच्याच हातात दिला. मला गाडीची घाई होती; त्या किती पायऱ्यांत पोहोचल्या ते मी पाहिले नाही.